नोकरी गेल्यावर: सही, पैसे, घर आणि पुढचं काम

खासगी कंपनीत नोकरी गेल्याची बातमी बहुतेकांना पंधरा-वीस मिनिटांच्या बैठकीत मिळते. समोर एचआर, शेजारी मॅनेजर आणि पुढ्यात किंवा स्क्रीनवर एक कागद. सर्वात महागात पडणाऱ्या चुका याच वीस मिनिटांत होतात, कारण माणसाला तेव्हा फक्त तिथून बाहेर पडायचं असतं. म्हणून सुरुवात त्या खोलीपासून करू. मन सावरणं, घरी सांगणं, नवं काम शोधणं हे सगळं त्यानंतरचं. त्या दिवशीची सही चुकली तर पुढचं सगळं जड जातं.

सही करण्याआधी

हातात नारळ देण्याच्या दोन पद्धती आहेत. एकात कंपनी लेखी कळवते की तुम्हाला कामावरून कमी केलं आहे. दुसरीत म्हणतात, "तुम्हीच राजीनामा द्या, म्हणजे रेकॉर्ड स्वच्छ राहील. नाहीतर आम्हाला टर्मिनेट करावं लागेल." दुसरी पद्धत सर्रास वापरली जाते आणि ती बहुतेक वेळा कंपनीच्या सोयीची असते. राजीनामा दिला की कागदोपत्री तुम्ही स्वखुशीने गेलात. मग कपातीची भरपाई मागता येत नाही, ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा) बेकारी भत्ता मिळत नाही, गृहकर्जासोबत नोकरी जाण्याचं विमाकवच घेतलं असेल तर तेही लागू होत नाही. 'रेकॉर्ड खराब होईल' ही भीती मात्र जेवढी दाखवतात तेवढी खरी नसते. कर्मचारी कपातीत गेलेला माणूस आणि गैरवर्तनावरून काढलेला माणूस यांतला फरक भरती करणाऱ्यांना नीट कळतो.

त्या बैठकीत एवढंच म्हणा: "मला हे सगळं ईमेलवर पाठवा. मी वाचून दोन दिवसांत उत्तर देतो." कितीही आग्रह झाला तरी त्याच दिवशी सही करू नका, पोर्टलवर राजीनाम्याचं बटण दाबू नका. लॅपटॉप आणि ओळखपत्र मागितलं तर पोच घेऊन द्या. भांडू नका आणि रडू आलं तर त्याची लाज बाळगू नका. घरी आल्यावर बैठकीत कोण काय म्हणालं, किती वाजता म्हणालं, हे स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवा आणि त्याचाच सारांश एचआरला ईमेलने पाठवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हा ईमेल उपयोगी पडतो.

राजीनामा देणंच योग्य वाटलं, तर तो फुकट देऊ नका. मागण्यासारख्या गोष्टी अशा: नोटीस काळाचा पूर्ण पगार, त्याशिवाय ठरावीक महिन्यांची भरपाई, कुटुंबाचा गट आरोग्य विमा आणखी तीन महिने चालू ठेवणं, जॉइनिंग बोनस किंवा बाँडची वसुली माफ करणं, शिल्लक रजेचे पैसे आणि रिलीव्हिंग लेटरमधला मजकूर. भरपाई वाढवून मागण्यापेक्षा शेवटचा दिवस पुढे ढकलून मागणं सोपं जातं. एका महिन्याची मुदतवाढ म्हणजे एक पगार, एक महिना विमा आणि बायोडेटावर 'सध्या कार्यरत'. जे ठरेल ते ईमेलवर घ्या. "बघू, करून देऊ" याला काही किंमत नाही.

कायदा तुम्हाला काय देतो

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. नोकरी गेलेल्या माणसासाठी त्यांतल्या काही गोष्टी थेट कामाच्या आहेत.

काढून टाकलं, कपात झाली किंवा राजीनामा दिला, तरी थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत मिळालं पाहिजे. 'फुल अँड फायनल (म्हणजे शेवटचा हिशोब) पंचेचाळीस दिवसांनी' ही कंपन्यांची जुनी सवय आहे. ईमेलमध्ये वेतन संहितेचा नुसता उल्लेख केला तरी हालचालीचा वेग बदलतो.

कपातीची भरपाई 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांना मिळते. वर्षभराची सलग सेवा झाली असेल तर एक महिन्याची लेखी नोटीस (किंवा तिचा पगार) आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन. त्याशिवाय पुनर्कौशल्य निधीतून (कमी केलेल्या कामगारांना नवं कौशल्य शिकता यावं म्हणून असलेला निधी) १५ दिवसांचं वेतन कामगाराच्या खात्यात जमा व्हायचं असतं, कपातीपासून ४५ दिवसांच्या आत. व्यवस्थापकीय काम करणारे आणि १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतनाचे पर्यवेक्षक यातून वगळले आहेत. मात्र इथे पदनाव पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम पाहतात. कार्डावर 'असोसिएट मॅनेजर' लिहिलं आहे, पण हाताखाली एकही माणूस नाही आणि दिवसभर कोड लिहिणं किंवा मशिन चालवणं हेच काम आहे, तर तुमचा दावा उभा राहू शकतो. हे स्वतःच ठरवून गप्प बसू नका, कामगार कायद्याच्या वकिलाला विचारा.

ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग सेवा लागते. मुदतीच्या करारावर असाल तर नव्या संहितेनुसार एक वर्ष पुरतं. हिशोब सरळ आहे: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. ४०,००० रुपये वेतन आणि ८ वर्षं म्हणजे सुमारे १,८४,६१५ रुपये. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. अर्ज करा आणि पोच घ्या. कंपनीने ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात.

दाद मागायची तर आधी कामगार आयुक्त कार्यालय. मुंबईत ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे, पुण्यात शिवाजीनगरला, आणि जिल्ह्याच्या ठिकाणीही कामगार कार्यालयं आहेत. पुण्यातली 'नाइट्स' ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना अशा तक्रारी एकत्रितपणे मांडते. एकट्याच्या अर्जापेक्षा दहाजणांच्या अर्जाकडे लवकर लक्ष जातं, म्हणून तुमच्यासोबत निघालेल्या लोकांशी संपर्क तोडू नका. आणि काढून टाकल्याबद्दलचा वाद नेण्याला मुदत असते. नव्या संहितेत ती दोन वर्षं आहे, त्यामुळे 'आधी नवी नोकरी लागू दे, मग बघू' म्हणून विसरून जाऊ नका.

शेवटच्या दिवसाआधी गोळा करायचे कागद

लॉगिन बंद झालं की साधी पगाराची पावती मिळवायलाही आठ-आठ ईमेल करावे लागतात. म्हणून हे आधी उतरवून घ्या: नेमणूक पत्र, सगळी पगारवाढीची पत्रं, किमान शेवटच्या बारा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, गट विम्याचं कार्ड आणि पॉलिसी क्रमांक, रजेची शिल्लक दाखवणारा स्क्रीनशॉट, स्वतःचे मूल्यमापनाचे शेरे. यूएएनला (भविष्य निर्वाह निधीचा तुमचा कायमचा क्रमांक) स्वतःचा मोबाइल, आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे का, हेही तपासा. कंपनीच्या ईमेलवरून उघडलेली बँकेची, विम्याची, म्युच्युअल फंडाची खाती वैयक्तिक ईमेलवर वळवून घ्या. ही गोष्ट फार जण विसरतात.

कंपनीचा डेटा, ग्राहकांच्या याद्या, कोड, रेखाचित्रं मात्र स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. रागाच्या भरात हे होतं आणि त्याच एका कारणावरून हिशोब अडकतो, वर गुन्हा दाखल होण्याची टांगती तलवार राहते.

घरी आजच सांगा

सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचं, दिवसभर बागेत, वाचनालयात किंवा मॉलमध्ये बसायचं आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळेला परतायचं. असं आठवडेच्या आठवडे करणारी माणसं आहेत. घरच्यांना त्रास नको, हा हेतू चांगला असतो. पण त्या काळात घरातला खर्च जुन्याच पगाराच्या हिशोबाने चालू राहतो, क्रेडिट कार्ड भरत जातं आणि शोधाशोध चोरून करावी लागते. शेवटी कळतं तेव्हा नोकरी गेल्याचं दुःख बाजूला राहतं आणि 'मला सांगितलं का नाहीस' हीच जखम मोठी होते. लपवण्याइतकं महाग या काळात दुसरं काही नाही.

जोडीदाराला त्याच दिवशी सांगा, मुलं झोपल्यावर, फोन बाजूला ठेवून. तीन गोष्टी सांगितल्या तरी पुरे: काय झालं, हातात किती महिन्यांचा खर्च आहे, उद्या सकाळी मी काय करणार आहे. लगेच उपाय मागू नका, देऊही नका. समोरच्यालाही धक्का पचवायला एक-दोन दिवस लागतात आणि त्या दोन दिवसांत निघालेले कडू शब्द धरून ठेवायचे नसतात.

जोडीदाराच्या बाजूने वाचत असाल, तर "काही फोन आला का?" हा प्रश्न रोज विचारू नका. आठवड्यातून एक वेळ ठरवा, रविवारी सकाळी चहानंतर म्हणा, आणि शोधाबद्दलचं सगळं बोलणं तेव्हाच करा. इतर दिवशी तो विषय त्यांनी काढला तरच.

आईवडिलांना सांगताना आधी आधार, मग बातमी: "आमचं घर सहा महिने व्यवस्थित चालेल एवढी सोय आहे. कंपनीने लोक कमी केले, त्यात माझंही नाव आलं." ज्या पिढीने एकाच ठिकाणी तीस-पस्तीस वर्षं काढली, तिला कामावरून कमी होणं म्हणजे काहीतरी गुन्हा केला असं वाटतं. त्यांना कपात म्हणजे काय हे शांतपणे समजावून सांगावं लागतं. मुलांना वयाप्रमाणे, पण खरंच सांगा. आठ वर्षांच्या मुलालाही घरातला ताण कळतो, आणि कारण माहीत नसलं की तो स्वतःला दोष देतो. "बाबांचं ऑफिसचं काम थांबलंय, ते नवं शोधताहेत, शाळा आणि घर आहे तसंच राहणार" एवढं पुरतं.

राहिले नातेवाईक आणि सोसायटी. लग्नात, गणपतीत, गावच्या जत्रेत "सध्या काय करतोस?" हा प्रश्न येणारच. एक वाक्य आधीच पाठ करून ठेवा: "कंपनीत कपात झाली, मी आता अमुक प्रकारचं काम शोधतोय, तुमच्या माहितीत कोणी असेल तर सांगा." हे वाक्य प्रश्नही थांबवतं आणि कधीकधी फोन नंबरही मिळवून देतं.

पैशाचा हिशोब एका कागदावर

पहिल्या आठवड्यातच करा. डाव्या बाजूला हातात असलेले आणि नक्की येणारे पैसे: बचत खातं, मुदत ठेवी, हिशोबाची रक्कम, ग्रॅच्युइटी. उजव्या बाजूला महिन्याचा खर्च तीन भागांत. न टळणारा: भाडं किंवा हप्ता, किराणा, दूध, वीज, शाळेची फी, औषधं, विम्याचे हप्ते. थांबवता येणारा: एसआयपी (म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता), भिशी, सहल, गाडी बदलणं. आजच बंद करायचा: वर्गण्या, न वापरलेली जिम, बाहेरून मागवलेलं जेवण. डावीकडच्या रकमेला फक्त पहिल्या भागाने भागा. जो आकडा येईल तेवढे महिने तुमच्याकडे आहेत, आणि तो आकडा बहुधा रात्री तीन वाजता मनात येणाऱ्या आकड्यापेक्षा बरा निघतो. तो कागद फ्रिजवर लावा किंवा कपाटात ठेवा, पण दोघांनाही माहीत असू द्या.

एसआयपी थांबवली तर दंड नसतो. आधीचे पैसे मात्र घाईने काढू नका. आयुर्विम्याच्या हप्त्याला सवलतीचे दिवस असतात, वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्याला ३०, मासिकाला १५. मुदत विमा काही झालं तरी बंद पडू देऊ नका.

हप्ता चुकण्याआधी बँकेत जा, चुकल्यानंतर नाही. सलग ९० दिवस थकलं की कर्ज बुडीत वर्गात जातं आणि तिथून परतणं अवघड असतं. शाखेत लेखी अर्ज द्या, सोबत कंपनीचं पत्र जोडा आणि मुदत वाढवून हप्ता कमी करणं किंवा काही महिने फक्त व्याज भरणं, यांपैकी काय शक्य आहे ते विचारा. क्रेडिट कार्डावर 'किमान रक्कम' भरत राहणं हा सापळा आहे. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर व्याज जातं. अगदीच गरज पडली तर सोनेतारण कर्ज वैयक्तिक कर्जापेक्षा स्वस्त पडतं. पाच मिनिटांत पैसे देणाऱ्या मोबाइल अ‍ॅपच्या वाटेला जाऊच नका. वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेबाहेर करता येत नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो फोनवर ठामपणे सांगा.

भविष्य निर्वाह निधीला हात लावायची घाई नको. नोकरी गेली तरी त्यावर व्याज मिळत राहतं, २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वस्त मंडळाने नियम बदलण्याचा निर्णय घेतला: नोकरी गेल्यावर ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम लगेच, उरलेली १२ महिन्यांनी आणि पेन्शनचा भाग ३६ महिन्यांनी. पोर्टलवर आज कोणता पर्याय दिसतो ते पाहूनच हिशोब करा. सलग सेवा पाच वर्षांपेक्षा कमी असताना काढलेल्या रकमेवर कर लागतो, आणि ५०,००० च्या वर रक्कम असेल तर १० टक्के आधीच कापून घेतात. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. आठव्या-नवव्या वर्षी तो भाग काढून घेणं म्हणजे हाताशी आलेली पेन्शन सोडून देणं. कंपनीने 'नोकरी सोडल्याची तारीख' भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः पोर्टलवर भरू शकता. हे न केल्यामुळे निधीची नव्या कंपनीकडे बदली अडकते.

पगार २१,००० च्या आत असून ईएसआय कापली जात असेल, तर 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' पाहा. सरासरी दैनंदिन वेतनाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. किमान दोन वर्षं विमाधारक असावं लागतं, आणि गैरवर्तनावरून काढलं असेल तर मिळत नाही. ही योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून सध्याची स्थिती ईएसआयच्या शाखेतच विचारा.

आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच संपतो. त्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा, म्हणजे आधी काढलेली वर्षं जुन्या आजारांच्या प्रतीक्षा काळात धरली जातात. नवीन पॉलिसी शून्यापासून घेतली तर अपघात सोडून इतर आजारांसाठी पहिले ३० दिवस काहीच मिळत नाही आणि जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे, हा त्यातल्या त्यात दिलासा.

एक सुखद गोष्ट कराची. कंपनीने वर्षभराचा पगार गृहीत धरून दरमहा कर कापलेला असतो. सप्टेंबरमध्ये नोकरी गेली तर वर्षाचं उत्पन्न निम्मंच राहतं आणि विवरणपत्र भरलं की बराच कर परत मिळू शकतो. कंपनीने स्वखुशीने दिलेली जादा भरपाई मात्र पगारासारखीच करपात्र असते, ती पूर्ण खर्चायला धरू नका.

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असाल तर हिशोब महिन्यांचा नसतो, दिवसांचा असतो. शेवटच्या कामाच्या दिवसापासून जास्तीत जास्त ६० दिवस. त्यात नव्या कंपनीने अर्ज दाखल करणं, व्हिसाचा प्रकार बदलण्याचा अर्ज करणं किंवा देश सोडणं, यांपैकी एक व्हावं लागतं. पहिल्या आठवड्यातच इमिग्रेशन वकिलाला भेटा.

मन आणि दिवस

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएंटाल नावाचं गिरणीचं गाव होतं. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल यांनी तिथे केलेला अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या निम्म्याच्या आसपास आली. पुरुष रस्त्याने हळू चालू लागले, वाटेत थांबू लागले. दिवसभर काय केलं ते त्यांना सांगता येईना. घरकाम हाती असलेल्या बायकांचा दिवस मात्र पूर्वीसारखाच बांधलेला राहिला. नोकरी पगारासोबत दिवसाला आकार, चार माणसांची सोबत आणि आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत ही जाणीवही देते. पगाराची सोय लावताना या बाकीच्या गोष्टींचीही सोय लावावी लागते.

पहिले तीन-चार दिवस झोपा, रडा, चिडा, काहीही ठरवू नका. समाजमाध्यमांवर कंपनीबद्दल काही लिहू नका. पाचव्या दिवसापासून दिवस बांधा. उठण्याची वेळ नोकरीतलीच ठेवा. आंघोळ, नाश्ता करून नऊ ते बारा शोधाचं काम, तेही पलंगावर बसून नाही. दुपारी एक घरकाम पूर्णपणे स्वतःच्या अंगावर घ्या: मुलांना शाळेतून आणणं, संध्याकाळचा स्वयंपाक, आईच्या दवाखान्याच्या फेऱ्या. तीन तासांपेक्षा जास्त शोधाशोध रोज केल्याने नोकरी लवकर लागत नाही, माणूस मात्र लवकर थकतो. संध्याकाळी अर्धा-पाऊण तास घराबाहेर चाला. रविवारी शोध पूर्ण बंद.

लिहिण्याचा एक प्रयोग जरूर करा. १९९४ मध्ये अमेरिकेत डॅलस भागात कामावरून कमी केलेल्या अनुभवी तंत्रज्ञांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला सलग पाच दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी गेल्याबद्दल मनात जे आहे ते लिहायला सांगितलं. त्या गटाला इतरांपेक्षा लवकर काम मिळालं, आणि तेही जास्त अर्ज किंवा जास्त फोन न करता. मनातला राग कागदावर उतरला की तो मुलाखतीत बाहेर येत नाही, असं त्याचं कारण सांगतात. वहीत लिहा, शुद्धलेखन बघू नका, कोणाला दाखवू नका, हवं तर नंतर फाडून टाका.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यांतल्या असंख्य घरांची वाताहत झाली. पण चाळीत प्रत्येक दारामागे तेच दुःख होतं, ते कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. आज हिंजवडीत किंवा ऐरोलीत कामावरून कमी झालेला माणूस बंद फ्लॅटमध्ये एकटा असतो आणि शेजारी सकाळी कॅबमध्ये बसताना दिसतो. म्हणून सोबत मुद्दाम उभी करावी लागते. तुमच्याबरोबर निघालेल्या तीन-चारजणांचा गट करा, आठवड्यातून दोनदा भेटा, कोणी कुठे अर्ज केला ते सांगा, एकमेकांच्या खोट्या मुलाखती घ्या.

दारू वाढते आहे का, याकडे घरच्यांनीही लक्ष ठेवावं. झोप किंवा भूक बिघडणं, कशातही रस न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर डॉक्टरांकडे जा. हा आजार आहे, त्यावर औषध आणि समुपदेशन दोन्ही आहे. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. जगणं नकोसं वाटण्याचा विचार आला, तर तो आल्याक्षणी जवळच्या माणसाला सांगा, एकटे राहू नका आणि हा नंबर लावा.

नवं काम

बायोडेटा दोन पानांत बसवा. 'जबाबदाऱ्या' लिहू नका, काय घडवलं ते आकड्यांत लिहा: किती माणसांचा गट, किती वेळ वाचवला, किती माल पाठवला. जाहिरातीगणिक वरच्या सहा-सात ओळी बदला. नोकरीच्या साइटवर प्रोफाइल आठवड्यातून दोनदा थोडं तरी अद्ययावत करा, कारण भरती करणारे अलीकडे सक्रिय असलेल्यांना आधी गाळून घेतात. नोटीस काळाच्या रकान्यात 'तात्काळ' लिहा. सध्या ही तुमची ताकद आहे. महास्वयं पोर्टलवर नोंदणी करा, रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे मिळते. कारखान्यातल्या आणि कार्यालयीन मदतनिसाच्या कामांसाठी ती जास्त उपयोगी आहे.

खरं काम ओळखीतून होतं, पण जिवलग मित्रांपेक्षा दूरच्या ओळखीतून. मित्रांना तुमच्याइतकंच माहीत असतं. जुन्या कंपनीतला दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेला सहकारी, कॉलेजातला वर्गमित्र, एखादा जुना पुरवठादार, अशा चाळीस जणांची यादी करा आणि दिवसाला तिघांना निरोप पाठवा. नोकरी मागू नका, माहिती मागा: "तुमच्याकडे या प्रकारच्या कामाला सध्या कोणती कौशल्यं बघतात? दहा मिनिटं बोलता येईल का?" याला सहसा होकार मिळतो.

मुलाखतीत "का सोडलं?" याला दोनच वाक्यं: "कंपनीने आमचा विभाग कमी केला, त्यात माझं पद गेलं. गेल्या दोन महिन्यांत मी अमुक शिकलो आणि आता अशा कामात मला रस आहे." तिसरं वाक्य जुन्या साहेबाबद्दल असतं, म्हणून थांबा. तारखा किंवा पगार खोटा सांगू नका. पडताळणीत भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी बघतात आणि महिन्याचाही फरक तिथे दिसतो.

नोकरीसाठी पैसे मागणारा प्रत्येकजण फसवा समजा, मग ती नोंदणी फी असो, लॅपटॉपची अनामत असो की प्रशिक्षणाचं शुल्क. टेलिग्रामवर 'लाइक करा, पैसे मिळवा' हा त्यातलाच प्रकार. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० वर फोन करा, कारण रक्कम पुढे सरकण्याआधीच ती गोठवता येते.

कमी पगाराची ऑफर आली तर फ्रिजवरचा कागद बघा. हातात दोन महिने उरले असतील आणि कामाची दिशा बरोबर असेल, तर घ्या. पाच-सहा महिने असतील तर आठवडाभराची मुदत मागून बाकीच्या ठिकाणी जोर लावा. मिळेल ते कंत्राटी काम घेणं वाईट नाही, फक्त त्या काळात शोधाचे सकाळचे तास सोडू नका.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तीन कामं करा. जुनाच यूएएन द्या आणि निधीची बदली करून घ्या. आधीच्या कंपनीतला पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला लेखी कळवा, नाहीतर दोन्हीकडे सूट धरली जाते आणि मार्चनंतर एकदम मोठा कर भरावा लागतो. आणि मधल्या काळात घेतलेली वैयक्तिक आरोग्य पॉलिसी, नव्या कंपनीचा विमा मिळाला तरी, चालूच ठेवा.